वकिलाचे मौन कोणाच्या मालकीचे?

अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाने तपास यंत्रणेपुढे उघड करावी काय, आणि तशी सक्ती त्याच्यावर करता येईल काय, या प्रश्नाचा ऊहापोह करणारा महत्त्वाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिला. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई, न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन आणि न्यायमूर्ती एन. व्ही. अंजारिया यांच्या पीठाने हा निर्णय दिला. न्यायमूर्ती गवई हे आपल्या अमरावतीचे सुपुत्र असून त्यांच्या वकिलीचा मोठा काळ नागपूर खंडपीठात गेला, ही गोष्ट आपणा वैदर्भीयांना अभिमानाची आहे. तथापि या निकालाकडे पाहण्याचे आपले कारण तेवढेच नाही. वृत्तपत्रांनी ‘वकिलांना दिलासा’ अशा स्वरूपात हा निकाल मांडला. वस्तुतः ज्याला दिलासा मिळाला तो वकील नसून, वकिलाच्या समोर बसलेला साधा माणूस आहे. दारव्हा, दिग्रस, नेर वा आर्णी येथील न्यायालयांच्या पायऱ्या चढणाऱ्या शेतकऱ्याशी आणि मजुराशी या निकालाचा काय संबंध आहे, याचा विचार करणे म्हणूनच उचित ठरेल.

निकालाची पार्श्वभूमी

जून २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने ज्येष्ठ वकील अरविंद दातार आणि प्रताप वेणुगोपाल यांना समन्स बजावले. एका कंपनीच्या समभागांसंबंधी दिलेल्या कायदेशीर सल्ल्याबाबत ही विचारणा होती. सल्ला देणे हे तर वकिलाचे नित्याचे काम! देशभरातील वकील संघटनांनी निषेध नोंदविल्यानंतर ही समन्स मागे घेण्यात आली. कायद्याने घातलेल्या बंदीचा भंग होईल असे समन्स कोणत्याही वकिलास बजावू नये, आणि अपवादात्मक प्रकरणी संचालकांची पूर्वपरवानगी घ्यावी, असे परिपत्रकही संचालनालयाने २० जून रोजी काढले.

त्याच सुमारास गुजरातमधील एका वकिलाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. कर्जव्यवहाराच्या गुन्ह्यात आरोपीला जामीन मिळवून देणाऱ्या या वकिलाला अहमदाबादच्या पोलिसांनी चौकशीसाठी हजर राहण्याची नोटीस दिली होती आणि गुजरात उच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २५ जून रोजी या नोटिशीला स्थगिती दिली आणि पुढे या विषयाची स्वतःहून दखल घेतली. दिल्लीतील नामांकित वकिलांच्या मागे सारी संघटना उभी राहते. परंतु जिल्ह्याच्या ठिकाणच्या एकट्या वकिलाचे काय, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला.

न्यायालयाने स्पष्ट केले की, अशिलाच्या प्रकरणाचा तपशील जाणून घेण्यासाठी तपास अधिकाऱ्याने वकिलाला बोलावता कामा नये. कायद्यातील अपवाद लागू होत असेल, तर तो कोणत्या वस्तुस्थितीमुळे लागू होतो हे समन्समध्येच नमूद केले पाहिजे आणि पोलीस अधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यापूर्वी आपले समाधान लेखी नोंदवून संमती दिली पाहिजे. अशा समन्सला आव्हान देण्याचा अधिकार वकिलाला आहे, तसाच तो अशिलालाही आहे. मात्र वकिलांची स्वतंत्र समिती नेमून तिच्या छाननीनंतरच समन्स निघावे, यासारख्या मागण्या न्यायालयाने मान्य केल्या नाहीत. कायद्यात जे आहे ते पुरेसे आहे. त्याचे पालन व्हावे, अशी ही भूमिका होती.

सवलत नव्हे, मनाई

कायद्यात नेमके आहे तरी काय? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मधील कलम १३२ ते १३४ या विषयाला वाहिलेली आहेत. त्यांतील आशय मात्र नवा नाही. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी सिद्ध केलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्यात तो कलम १२६ ते १२९ मध्ये होता. त्या इंग्रजी कायद्यात बॅरिस्टर, ॲटर्नी आणि प्लीडर यांच्या पंक्तीला ‘वकील’ हा आपला शब्दही जसाच्या तसा बसलेला होता.

कलमाची शब्दरचना मुळातून पाहण्याजोगी आहे. ‘वकिलाने सांगितले नाही तरी चालेल’ असे कायदा म्हणत नाही. अशिलाच्या स्पष्ट संमतीवाचून वकिलाला ते सांगण्याची परवानगी केव्हाही दिली जाणार नाही, असे तो म्हणतो. म्हणजे ही वकिलाला दिलेली सवलत नाही, त्याच्यावर घातलेली मनाई आहे. कुलूप वकिलाच्या ओठांवर असले, तरी किल्ली अशिलाच्या हाती आहे. अशिलाने स्पष्ट संमती दिली तर वकील बोलू शकतो; संमती नसेल तर वकिलाला स्वतःला कितीही बोलावेसे वाटले तरी तो बोलू शकत नाही. खटला संपला, वकीलपत्र मागे घेतले, फी बुडाली वा दोघांत वितुष्ट आले, तरी हे बंधन सुटत नाही. अशिलालाही, तो स्वतः साक्षीदार म्हणून पुढे आल्याखेरीज, वकिलाशी झालेले गोपनीय बोलणे उघड करण्याची सक्ती करता येत नाही.

या मौनाला मर्यादाही आहेत, आणि त्या कायद्याने उदाहरणे देऊन समजाविल्या आहेत. अशील म्हणाला, ‘मी बनावट दस्त केला आहे, माझा बचाव करा,’ तर हे बोलणे संरक्षित आहे. कारण दोषी असल्याचे ठाऊक असलेल्या माणसाचाही बचाव करणे हा गुन्हेगारी हेतू नव्हे. परंतु अशील म्हणाला, ‘या बनावट दस्ताच्या आधारे मला मालमत्तेचा ताबा मिळवायचा आहे, दावा दाखल करा,’ तर त्याला संरक्षण नाही; कारण तेथे वकिलाचा उपयोग गुन्हा करण्यासाठी होत आहे. तिसरे उदाहरण अपहाराच्या आरोपाचे आहे. वकिलाने काम स्वीकारले तेव्हा हिशेबाच्या वहीत नसलेली नोंद नंतर घुसडलेली त्याच्या दृष्टीस पडली, तर ती गोष्टही संरक्षित राहत नाही. थोडक्यात, घडून गेलेल्या अपराधाची कबुली सुरक्षित आहे. घडू घातलेल्या अपराधाचा कट सुरक्षित नाही. ही सीमारेषा नीट ध्यानात ठेवली, तर वकिलांविषयीचे आपले बरेच गैरसमज दूर होतील.

न्यायालयाच्या आवारात

आता हे तत्त्व आपल्या तालुक्यात आणून पाहू. समजा, दारव्हा तालुक्यातील एका शेतकऱ्याचा धुऱ्यावरून शेजाऱ्याशी वाद झाला, हातघाई झाली आणि शेजारी जबर जखमी झाला. शेतकरी वकिलाकडे येतो. पहिली काठी कोणी उगारली, आधीचे वैर होते काय, त्या दिवशी तो मद्य प्यायला होता काय, हे सारे वकिलाला खरे कळल्याखेरीज खरा बचाव उभा राहूच शकत नाही. आपले म्हणणे उद्या ठाणेदाराच्या टेबलावर जाईल अशी शंका त्याच्या मनात असेल, तर तो अर्धे सांगेल आणि अर्धे लपवील; आणि जे लपवील त्यातच कदाचित त्याच्या निर्दोषत्वाचा वा शिक्षा सौम्य होण्याचा आधार असेल. श्रीमंत आरोपी कायदा जाणतो, दहा ठिकाणी सल्ला घेतो. गरिबाला मात्र त्याच्यासमोर बसलेला एकच माणूस आधार असतो. तो आधारही डळमळीत झाला तर त्याने जावे कोठे?

लहान गावात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथे वकील, फिर्यादी, आरोपी, पोलीस आणि साक्षीदार एकाच आठवडी बाजारात भेटतात. कोणाच्या घरी काय शिजते हे सर्वांना ठाऊक असते. अशा ठिकाणी गुपित राखणे महानगरापेक्षा कठीण असते. कायद्याने हे बंधन केवळ वकिलापुरते न ठेवता त्याचे कारकून, कर्मचारी आणि दुभाषे यांच्यावरही घातले आहे. तांड्यावरून आलेल्या वृद्धेचे गोरमाटी बोलणे वकिलाला मराठीत समजावून सांगणारा दुभाषाही या मौनात बांधलेला असतो, हे फार थोड्यांना माहीत असेल.

त्याचबरोबर लोकांनीही एक काळजी घेतली पाहिजे. संरक्षण मिळते ते गोपनीय बोलण्याला. चहाच्या टपरीवर, चारचौघांच्या देखत किंवा विरुद्ध पक्षाच्या समक्ष वकिलाला सांगितलेली गोष्ट गोपनीय राहत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकातील निकालांतच स्पष्ट केले आहे. सोबत आलेल्या नातलगांना बाहेर बसवून वकिलाशी एकांतात बोलावे, हे साधे पथ्य आहे. ज्यांची ऐपत नाही त्यांनी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना मोफत वकील मिळू शकतो. आणि मोफत मिळालेल्या वकिलावरही मौनाचे बंधन तितकेच कडक असते.

अपराध्याला वकील कशाला?

हा प्रश्न आपल्याकडे वारंवार विचारला जातो. २००९ साली अजमल कसाबसाठी न्यायालयाने वकील नेमला तेव्हा तो संतापाने विचारला गेला आणि प्रथम नेमलेल्या महिला वकिलांच्या घरासमोर निदर्शने झाली. तरीही खटला चालला, कसाबला खटल्यात आणि अपिलांत वकील मिळाला आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम करताना, आरोपीला प्रथम दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाते तेव्हाच त्याला वकिलाच्या मदतीचा अधिकार समजावून सांगणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य ठरविले. २०१० मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात, अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये असे ठराव करणे हे वकिली पेशाच्या नीतीला धरून नाही, असेही न्यायालयाने बजावले होते. फाशीच्या शिक्षेविषयी ख्रिस्तसभेची भूमिका वेगळी आहे; परंतु आरोपीला कैवारी असावा याविषयी दुमत नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) नुसार कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही आणि अनुच्छेद २२(१) नुसार त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आहे. वकिलाला साक्षीला ओढले तर हे दोन्ही हक्क एका फटक्यात नष्ट होतात. कारण आरोपीच्या तोंडून जे काढता येत नाही ते त्याच्या वकिलाच्या तोंडून काढले जाते.

‘कैवारी’ हा शब्द आपण श्रद्धावंतांना परका नाही. मराठी बायबलमध्ये पवित्र आत्म्यासाठी हाच शब्द योजलेला आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ, साहाय्यासाठी जवळ बोलाविलेला, असा असून न्यायालयात आरोपीच्या बाजूने उभा राहणाऱ्यासाठीही तो वापरला जाई. उलटपक्षी ‘सैतान’ या हिब्रू शब्दाचा अर्थ विरोधक, आरोप करणारा असा आहे. निकोदेमाने सभेत उभे राहून, माणसाचे ऐकून घेतल्याशिवाय त्याला दोषी ठरवू नये, एवढेच सांगितले होते. आणि त्यासाठीही त्याची हेटाळणी झाली.

खासगी संभाषण साक्षीत ओढले गेले की काय घडते, याचे एक विदारक उदाहरण संत थॉमस मोर यांचे आहे. स्वतः निष्णात कायदेपंडित असलेल्या मोर यांनी राजाच्या धार्मिक सर्वाधिकाराविषयी मौन पाळले आणि मौन हा गुन्हा होऊ शकत नाही असे प्रतिपादन केले. तेव्हा राजाचे विधी अधिकारी रिचर्ड रिच यांनी तुरुंगात मोर यांच्याशी झालेल्या खासगी बोलण्याची साक्ष दिली. ती साक्ष खोटी असल्याचे मोर यांनी सांगितले. परंतु ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. रिच हे मोर यांचे वकील नव्हते, हे खरे. तरी खासगीत बोललेला शब्द किती स्वस्तात एखाद्याच्या प्राणावर बेतू शकतो, हे यावरून दिसते.

संगणकातील गुपिते

पूर्वी वकिलाची गुपिते त्याच्या मनात आणि कपाटात असत; आज ती संगणकात आणि मोबाईलमध्ये असतात. एका अशिलाच्या प्रकरणासाठी वकिलाचा संगणक ताब्यात घेतला तर शंभर अशिलांची कागदपत्रे तपास यंत्रणेच्या हाती पडतात. ही भीती काल्पनिक नाही. गंभीर आरोपांखालील अनेकांचा बचाव करणारे नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या घराची १७ एप्रिल २०१८ रोजी भीमा-कोरेगाव प्रकरणात झडती झाली, त्यांचे संगणकीय साहित्य जप्त झाले आणि ६ जून रोजी त्यांना अटक झाली. ही कारवाई त्यांच्यावर आरोपी म्हणून झाली. त्या खटल्याच्या गुणदोषांत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु वकिलाचा संगणक जप्त होतो तेव्हा इतर अशिलांच्या विश्वासाचे काय होते, हा प्रश्न तेव्हापासून विदर्भाच्या दारात उभा होता. याच प्रकरणात ८ ऑक्टोबर २०२० रोजी अटक झालेले येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाची वाट पाहत, मुंबईत निवर्तले. आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभे केले जाईल हे आधी सांगता येत नाही, हे आपणास वेगळे सांगावयास नको.

२०२५ च्या निकालाने याविषयी पद्धत घालून दिली आहे. वकिलाजवळील कागदपत्रे कलम १३२ च्या मौनात येत नाहीत, हे न्यायालयाने मान्य केले. तथापि ती पोलीस ठाण्यात नव्हे, न्यायालयापुढे सादर व्हावीत आणि हरकतींवर न्यायालयाने निर्णय द्यावा. संगणक वा मोबाईलही न्यायालयातच सादर व्हावा. संबंधित पक्षकाराला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे. हरकत फेटाळली तरी उपकरण त्या पक्षकाराच्या व वकिलाच्या समक्ष, त्यांच्या पसंतीच्या तंत्रज्ञाच्या साहाय्याने उघडावे आणि इतर अशिलांच्या गोपनीयतेला धक्का लागू नये.

पापनिवेदनाची मोहर

हे सारे वाचताना कोणाही कॅथलिक वाचकाच्या मनात पापनिवेदन आल्याखेरीज राहणार नाही. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने पापनिवेदनाचे गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला कठोर शासन सांगितले. आजच्या धर्मविधिसंहितेच्या कलम ९८३ नुसार ही मोहर अभंग आहे आणि कलम १३८६ नुसार ती थेट मोडणारा धर्मगुरू आपोआप धर्मबहिष्कृत होतो.

दोन्हींत साम्य आहे, पण भेदही मोठा आहे. अशिलाने संमती दिली की वकिलाचे ओठ उघडतात. धर्मगुरूला मात्र पापनिवेदनात ऐकलेले पाप उघड करता येत नाही, मग समोर घडू घातलेल्या अपराधाचा प्रश्न असो वा स्वतःच्या प्राणाचा. दुसरा भेद नागरी कायद्याचा आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाने पती-पत्नींतील संभाषणाला आणि वकील-अशील संवादाला संरक्षण दिले आहे. धर्मगुरू आणि पश्चात्तापी यांच्यातील संवादाचा तेथे उल्लेख नाही. १८७२ च्या कायद्यातही नव्हता. म्हणजे आपल्या देशात वकिलाच्या मौनामागे कायदा उभा आहे, धर्मगुरूच्या मौनामागे केवळ त्याची सदसद्विवेकबुद्धी. अन्यत्रही हा प्रश्न पेटलेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २०१९ मध्ये बालशोषणाच्या बाबतीत पापनिवेदनाची सूट काढून घेणारा कायदा केला. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने २०२५ मध्ये तसाच कायदा केला, परंतु संघीय न्यायालयाने जुलैमध्ये त्याची पापनिवेदनापुरती अंमलबजावणी रोखली.

हे कायदे का आले, याचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. ख्रिस्तसभेतील काही अधिकाऱ्यांनी बालकांवरील अत्याचार जाणूनबुजून झाकले, त्यातून ते आले. त्या लपवाछपवीचा पापनिवेदनाशी संबंध नव्हता. ती कार्यालयांत, पत्रव्यवहारांत आणि बदल्यांच्या आदेशांत झाली होती. येथेच मौन आणि लपवाछपवी यांतील फरक कळतो. वकिलाचे मौन आणि पापनिवेदनाची मोहर ही दुर्बलाच्या, आरोपीच्या, पश्चात्तापी माणसाच्या रक्षणासाठी आहेत. संस्थेची अब्रू राखण्यासाठी पाळलेले मौन हे बळी गेलेल्या बालकाच्या विरुद्ध असते. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळविलीच पाहिजे, आणि संस्थेच्या प्रमुखाने ती दडविली तर एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. शाळा, वसतिगृहे आणि धर्मग्राम चालविणाऱ्या आपणा सर्वांना हे लागू आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेल्या आदेशानेही धर्मगुरू आणि व्रतस्थांवर अशी माहिती वरिष्ठांना कळविण्याचे बंधन घातले आहे. ‘गोपनीय बाब’ हा शब्द उच्चारून यातून कोणालाही सुटता येणार नाही.

म्हणून या निकालाचे स्वागत करताना आपण स्वतःलाही तीच कसोटी लावू या. एखादे मौन न्याय्य आहे की नाही हे ठरविण्याचा सोपा मार्ग म्हणजे, ते कोणाचे रक्षण करते हे विचारणे. जे मौन विश्वास टाकणाऱ्या माणसाचे रक्षण करते आणि पुढील अपराधाला हातभार लावत नाही, ते पाळावे. जे मौन बलवानाला पाठीशी घालते, ते मोडावे. आपल्या धर्मग्रामांतील जे प्रापंचिक बंधुभगिनी वकिली व्यवसायात आहेत त्यांनी, गरिबांचे वकील म्हणून ओळखले जाणारे आपले आश्रयदाते संत ईव्हो यांचे स्मरण करून, हे ओझे निष्ठेने वाहावे. आणि उरलेल्या आपण सर्वांनी, एखाद्या आरोपीचा वकील गप्प राहिला म्हणून त्याला आरोपीचा साथीदार ठरविण्यापूर्वी क्षणभर थांबावे. उद्या आपल्यापैकी कोणावर खोटा आळ आला, तर आपल्यालाही असाच एक माणूस लागेल, ज्याला सारे सांगता येईल आणि जो ते कोणालाही सांगणार नाही.